बारा मजल्यांची बढाई

आपल्या अंगीं नसलेला मोठेपणा चारचौघांत मिरविण्याची हौस मनुष्यास फार पुरातन काळापासून आहे. आमच्याकडे तिला 'बडा घर पोकळ वासा' ही म्हण लावतात. अशी हौस बाळगणाऱ्याचा आपणांस रागहि येतो आणि त्याची फजिती झाली म्हणजे हसूंहि येतें. परंतु त्याच्या फजितीस हसतां हसतां आपलाच श्वास घशांत अडकावा आणि 'देवा, ह्याला वांचीव' असें मनांत म्हणावेंसें वाटावें, असा प्रसंग विरळा. असा प्रसंग निर्माण करणारा एक अमेरिकन मूकपट आहे. त्याचें नांव 'सेफ्टी लास्ट'. १ एप्रिल १९२३ रोजीं तो प्रथम लोकांपुढें आला. त्यास शंभर वर्षें होऊन गेलीं, तरी त्यांतील एक देखावा, म्हणजे उंच इमारतीवरील घड्याळाच्या कांट्याला लोंबकळणारा चष्मेवाला तरुण, हा ज्यांनीं तो चित्रपट पाहिलेला नाहीं अशा पुष्कळांसहि ठाऊक असतो. तो तरुण तेथें कसा गेला, त्यास पाहून आपण हसतों कां, आणि त्या हसण्याची किंमत कोणकोणास द्यावी लागली, हें आमच्या विद्यार्थिवाचकांस व त्यांच्या पालकांस समजावून सांगावें, ह्या हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों.

प्रथम ह्या विनोदाच्या जातीविषयीं दोन शब्द. इंग्रजींत ह्यास 'स्लॅपस्टिक' म्हणतात. सोळाव्या शतकांत इटलींत मुखवटे घालून गांवोगांव नाटकें करणाऱ्या मंडळ्या होत्या. त्यांतील विदूषकाच्या हातीं दोन पातळ फळ्या एका टोकास जोडून केलेली एक काठी असे. ती दुसऱ्याच्या पाठींत हाणली कीं फळीवर फळी आपटून मोठा आवाज होई. मार मात्र फारसा लागत नसे. ह्या काठीवरून पुढें सर्व धक्काबुक्कीच्या व पडापडीच्या विनोदास तें नांव पडलें. आवाज मोठा आणि इजा थोडी, हें त्या काठीचें मर्म. तेंच ह्या विनोदाचेंहि मर्म होय. केळ्याच्या सालीवरून घसरून पडणाऱ्या मनुष्यास आपण हसतों, तें त्यास खरोखर लागलेलें नाहीं अशी आपली खात्री असते म्हणून. त्याचें हाड मोडल्याचें दिसलें कीं हसूं तेथेंच मावळतें. वाचकांनीं हा नियम ध्यानांत ठेवावा. पुढें त्याची आपणांस गरज लागणार आहे.

चित्रपटाचा नायक हॅरल्ड लॉइड हा २० एप्रिल १८९३ रोजीं अमेरिकेच्या नेब्रास्का संस्थानांतील बर्चर्ड ह्या लहानशा गांवीं जन्मला. मूकपटांच्या काळांतील थोर विनोदी नट म्हणून चार्ली चॅप्लिन व बस्टर कीटन ह्यांच्या जोडीस त्याचें नांव घेतात. चॅप्लिनचा नायक म्हणजे ढगळ पाटलोणींतला भटक्या. कीटनचा नायक म्हणजे आभाळ कोसळलें तरी चेहऱ्यावरची रेघ न हलविणारा मनुष्य. लॉइड प्रारंभीं कांहीं वर्षें चॅप्लिनच्याच धर्तीवर चित्रविचित्र कपडे घालून लोकांस हसवीत असे. १९१७ सालीं त्यानें एक नवाच वेष घेतला, आणि तो असा कीं त्यास वेष म्हणणेंच कठीण: नीटनेटका पोशाख, गवताची हॅट आणि जाड काळ्या कडांचा गोल चष्मा. त्या चष्म्यास कांचा नव्हत्या, नुसती चौकट होती. असा तरुण प्रत्येक आळींत आणि प्रत्येक कचेरींत एक तरी असतो. म्हणूनच भटक्यावर संकट आलें तर आपण दुरून पाहतों, आणि ह्या चष्मेवाल्यावर आलें तर तें आपल्या घरांतल्याच कोणावर आल्यासारखें वाटतें.

आतां कथेकडे वळूं. तिचा आरंभ प्रेक्षकांच्या फसवणुकीनें होतो. पडद्यावर प्रथम गजांआड उभा असलेला एक तरुण दिसतो. आई व वाग्दत्त वधू शोक करीत आहेत. मागें फांशीच्या दोरासारखें कांहीं लोंबकळत आहे. गंभीर चेहऱ्याचे लोक जवळ येत आहेत. आपणांस वाटतें, बिचाऱ्याची घटका भरली. इतक्यांत आपण दुसऱ्या बाजूनें पाहूं लागतों आणि उलगडा होतो. हा तुरुंग नसून ग्रेट बेंड नांवाच्या गांवचें रेल्वे स्टेशन आहे. गज कुंपणाचे आहेत. आणि तो फांस म्हणजे गाडीनें न थांबतां टपाल उचलावें म्हणून टांगलेलें कडें आहे. तरुण मरणाच्या वाटेनें नव्हे, तर शहरांत नशीब काढावयास चालला आहे. जम बसतांच वधूस बोलावून घ्यावयाचें व मग लग्न करावयाचें, असा उभयतांचा करार आहे. गाडी पकडण्याच्या घाईंत तो आपल्या बॅगेऐवजीं कोणाचें तरी तान्हें मूल उचलतो आणि आगगाडीऐवजीं एका घोडागाडीवर चढतो. त्याचा आत्मविश्वास केवढा आणि तयारी केवढी, हें एवढ्यावरूनच वाचकांच्या ध्यानीं यावें.

शहरांत त्यास 'डी व्होर' नांवाच्या दुकानांत कापड विकण्याची नोकरी मिळते. हें आपल्या पेठेंतील दुकानासारखें एका मालकाचें लहानसें दुकान नव्हे. अमेरिकेंत ज्यास डिपार्टमेंट स्टोअर म्हणत, तें अनेक मजल्यांचें, शेंकडों नोकरांचें एक संस्थानच असे. निरनिराळ्या मालाचे निरनिराळे विभाग, ठरलेले भाव, आणि नोकर गिऱ्हाइकांशीं कसे वागतात हें पाहत विभागांतून फिरणारा एक कडक अधिकारी. आमचा हॅरल्ड ह्या उतरंडीच्या अगदीं तळाशीं आहे. पगार आठवड्यास १५ डॉलर. उशीर झाला कीं नोकरी जाण्याची भीति. स्वस्त विक्रीच्या दिवशीं तर बायकांची अशी झुंबड उडते कीं कापड बाजूलाच राहून विक्रेत्याच्याच अंगावरचे कपडे ओढले जातात. खोलीचें भाडें थकलेलें. घरमालकीण दारांत आली कीं तो व त्याचा सोबती बिल हे दोघे अंगांतल्या कोटांसकट स्वतःस खुंटीस टांगून घेतात आणि पाय आंखडून, जणूं तेथें नुसते कोटच लोंबत आहेत असा आव आणतात.

परंतु गांवीं जाणारीं पत्रें वाचावीं, तर हा तरुण म्हणजे शहरांतील एक बडी असामी. पत्रांबरोबर भेटीहि जातात. खोलींतला फोनोग्राफ गहाण पडतो आणि वधूसाठीं गळ्यांतलें पदक विकत येतें. मग पदकास सांखळी हवी. एके शनिवारीं हातांत पगार घेऊन तो जवाहिऱ्याच्या दुकानांत उभा राहतो. पोटांत भूक आहे आणि डोळ्यांपुढें जेवणाचें ताट. एकेक नाणें गल्ल्यावर ठेवावें, तों त्या मनांतल्या ताटांतील एकेक पदार्थ नाहींसा होतो. शेवटीं ताट रिकामें आणि सांखळी खिशांत. ह्या प्रसंगास प्रेक्षक पोट धरून हसतात. पण क्षणभर थांबून पाहिलें तर येथें हसण्यासारखें काय आहे? एक भुकेला मुलगा आपलें जेवण विकून खोटा मोठेपणा विकत घेत आहे. चित्रपटकर्त्यांनीं हें दुःख एका शब्दानेंहि न सांगतां एका ताटांत दाखविलें, हें त्यांचें कौशल्य होय.

पत्रांचा परिणाम व्हावयाचा तोच होतो. एवढा पैसा मिळवणाऱ्या तरुणानें शहरांत एकटें राहणें धोक्याचें, अशी वधूच्या आईस काळजी वाटते, आणि तिच्या सल्ल्यानें वधू न कळवितां दुकानांत येऊन दाखल होते. आतां हॅरल्डपुढें दोन मार्ग आहेत: खरें सांगणें, अथवा नवें खोटें बोलणें. तो दुसरा मार्ग धरतो. बरोबरीच्या नोकरांवर साहेबी थाटानें हुकूम सोडतो. आणि वधूनें 'तुमची कचेरी कोठें?' असें विचारतां तो तिला थेट मुख्य व्यवस्थापकाच्या खोलींत नेतो. तेथेंच पुढें त्याच्या कानांवर व्यवस्थापकाचे शब्द पडतात: दुकानाकडे लोकांची गर्दी खेंचणारी नवी युक्ति जो सुचवील त्यास १००० डॉलर बक्षीस. हॅरल्डचा सोबती बिल हा उंच इमारतींच्या बांधकामावर काम करणारा. भिंतीवर पालीसारखा चढणारा. त्यानें दुकानाची बारा मजली इमारत बाहेरून चढून दाखवावी व बक्षिसांतील अर्धे पैसे घ्यावे, असें ठरतें. 'गूढ पुरुष' चढणार म्हणून वर्तमानपत्रांत जाहिरात झळकते.

पण मध्यें एक पोलीस शिपाई आडवा येतो. आणि तोहि हॅरल्डच्या बढाईचेंच फळ आहे. पूर्वी एकदां हॅरल्डला आपल्या गांवचा एक जुना स्नेही शिपायाच्या पोशाखांत भेटला होता. त्यावरून 'पोलीस माझ्या शब्दाबाहेर नाहींत' अशी शेखी त्यानें बिलपुढें मिरविली आणि पाठमोऱ्या शिपायास पाडण्याची गंमत दोघांनीं केली. शिपाई निघाला भलताच. हॅरल्ड पसार झाला. बिल सांपडत होता तो एका भिंतीवर चढून निसटला. आणि पुन्हां दिसलास तर पकडल्यावांचून राहणार नाहीं, असा त्या शिपायानें पण केला. चढाईच्या दिवशीं हाच शिपाई इमारतीपाशीं पहारा देत उभा राहतो. बिल म्हणतो, 'पहिला मजला तूं चढ. वरच्या खिडकींत माझी टोपी व कोट तूं घाल(शील) तसा मीच तुझी टोपी व कोट घालून पुढें चढेन.' हॅरल्ड चढतो. तिकडे शिपाई बिलचा पाठलाग करीत इमारतींत शिरतो. प्रत्येक खिडकींत बिलचें घाबरें तोंड दिसतें आणि तोच निरोप मिळतो: आणखी एकच मजला चढ, एवढ्यांत त्या शिपायास चुकवून येतों.

मग सुरू होतो तो सुमारें वीस मिनिटांचा विख्यात चढाव. दाण्यांच्या लोभानें कबुतरें त्याच्या डोक्याखांद्यांवर बसतात. वरून एक जाळें पडून तो त्यांत गुरफटतो. एका खिडकींतून एक फळी पुढें सरकते. एक वृद्ध बाई खिडकींतून डोकावून, पडशील तर लागेल ना, असें त्यास प्रेमळपणें बजावते. घड्याळाचा कांटा हातीं येतो, तों कांट्यासकट सबंध तबकडीच भिंतीपासून सुटून पुढें लवते आणि खालीं मोटारी मुंग्यांसारख्या धांवतांना दिसतात. पुढें पाटलोणींत उंदीर शिरतो. तो झाडण्यासाठीं हॅरल्ड कठड्यावर जे पाय नाचवितो त्यास खालचा जमाव कसब समजून टाळ्या वाजवितो. अगदीं माथ्यावर वारा मोजण्याचें फिरतें यंत्र त्याच्या डोक्यावर आपटतें. शेवटीं पायांत दोर अडकून तो उलटा झोके घेतो आणि गच्चीवर वाट पाहत असलेल्या वधूजवळ येऊन ठेपतो.

ह्या चढावाची भीति व गंमत दोन्हीं 'आणखी एकच मजला' ह्या तीन शब्दांत सांठविलेलीं आहेत, असें आम्हांस वाटतें. चित्रपटाच्या पूर्वार्धांत हॅरल्ड काय करीत होता? एक खोटें झांकण्यासाठीं आणखी एकच खोटें. पदकामागून सांखळी, सांखळीमागून कचेरी, कचेरीमागून हुकूम. प्रत्येक वेळीं त्यास वाटे, एवढें एक निभावलें कीं सुटलों. उत्तरार्धांत तो तेंच करतो; पूर्वी जिभेनें केलें, आतां हातापायांनीं करतो. खालीं उतरण्याची सोय पहिल्याच मजल्यावर होती. जितका वर जावें तितकें उतरणें कठीण. बढाईचा मार्ग असाच असतो, हें एका अक्षराचाहि उपदेश न करतां ही भिंत आपणांस शिकविते. जो प्रेक्षक नुसता हसतो त्यासहि तें कळतें. कारण प्रत्येक मजल्यागणिक त्याचेच तळहात घामेजलेले असतात.

हें सर्व चित्रित कसें केलें, ही जिज्ञासा मुलांस असणारच. लॉइडनें एकदां लॉस एंजेलिस शहरांत ब्रॉकमन नांवाच्या इमारतीवर एक मनुष्य बाहेरून चढत असतांना पाहिला. ते दिवस अशा चढाईच्या वेडाचे होते. अशा मनुष्यांस अमेरिकेंत 'मानवी माशी' म्हणत. तो देखावा लॉइडला पाहवेना. तो चालत कोपऱ्यापलीकडे गेला, आणि मनुष्य सुखरूप आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं पुन्हां पुन्हां कोपऱ्यावरून डोकावूं लागला. मला जर असें होतें तर प्रेक्षकांस काय होईल, ह्या विचारांतून चित्रपटाचें बीज पडलें. चढणारा मनुष्य बिल स्ट्रॉदर. त्यालाच लॉइडनें आपल्या सोबत्याची भूमिका दिली. आश्चर्य हें कीं चढावाचें चित्रण १९२२ सालीं सर्वांत आधीं झालें. तें साधलें असें पाहिल्यावर मग त्याच्या अलीकडची कथा रचण्यांत आली. घर बांधतांना पाया आधीं घालतात. येथें आधीं गच्ची बांधली आणि मग तिच्याखालीं पाया आणून बसविला. निर्माता हॅल रोच आणि दिग्दर्शक फ्रेड न्यूमेयर व सॅम टेलर ह्यांनीं हा सांधा इतका बेमालूम बसविला कीं तो कोठेंहि दिसत नाहीं.

इमारतीची खोटी भिंत त्यांनीं खऱ्या इमारतींच्या गच्च्यांवर उभी केली. नायक जसजसा वर चढतो तसतशी ती भिंत अधिकाधिक उंच इमारतीवर नेण्यांत आली. कॅमेरा अशा कोनांतून लावला कीं भिंत आणि तिच्या पलीकडे खोल खालचा खराखुरा रस्ता एकाच चित्रांत यावा, आणि मधली गच्ची दिसूं नये. लॉइडच्या खालीं, चित्रांत न येईल अशा अंतरावर, गाद्या घातलेला एक मंच असे. म्हणजे तो रस्त्यापासून शेंकडों फुटांवर लोंबकळत नसे. तरी धोका नव्हता असें मात्र नाहीं. एकदां परीक्षेसाठीं एक बाहुला वरून टाकला, तों तो गाद्यांवरून उसळून गच्चीबाहेर गेला, असें लॉइडनें पुढें सांगितलें आहे. फार दुरून घेतलेल्या दृश्यांत स्ट्रॉदर चढतो, आणि एकदोन जागीं इतर कसबी मनुष्यांनींहि लॉइडची जागा घेतलेली आहे. घड्याळास लोंबकळतांना आपण पाहतों तो मात्र लॉइडच. त्याच्याबरोबर वधूचें काम करणारी मिल्ड्रेड डेव्हिस हीच १० फेब्रुवारी १९२३ रोजीं त्याची खरीखुरी पत्नी झाली.

आतां एक गोष्ट सांगावयाची, जी त्या वेळच्या प्रेक्षकांपैकीं फारच थोड्यांस ठाऊक होती. ऑगस्ट १९१९ मध्यें लॉइड जाहिरातीसाठीं एक छायाचित्र काढवून घेत होता. हातांत एक गोल बॉंब, तो नाटकी आहे अशी सर्वांची समजूत. त्याची वात पेटवून सिगरेट शिलगावण्याचा आव आणावयाचा होता. तो बॉंब खरा निघाला व हातांतच फुटला. लॉइडच्या उजव्या हाताचा अंगठा व त्याजवळचें बोट गेलें, चेहरा भाजला, आणि कांहीं काळ त्याची दृष्टिहि गेली होती. दृष्टि परत आली. बोटें कोठून येणार? त्यानें एक हातमोजा करवून घेतला. त्यांत अंगठा व बोट खोटें बसविलेलें असे. तो मोजा घालून त्यानें पुढील सर्व चित्रपट केले. म्हणजे घड्याळाच्या कांट्यास लोंबकळणारा हा तरुण आठच बोटांनीं लोंबकळत आहे.

आम्हांस ह्या चित्रपटांतील अत्यंत मोलाची गोष्ट हीच वाटते, आणि ती पडद्यावर कोठेंच दिसत नाहीं. पडद्यावरचा हॅरल्ड, जें आपल्यापाशीं नाहीं तें आहे म्हणून जगास ओरडून सांगत असतो. पडद्यामागचा लॉइड, जें आपण सोसलें त्याविषयीं मौन धरून काम करीत असतो. आरंभीं सांगितलेला नियम वाचकांस स्मरत असेल: इजा दिसली कीं हसूं मावळतें. प्रेक्षकांनीं आपली कींव केली तर ते हसणार नाहींत, हें तो जाणून होता. म्हणून त्यानें हात झांकला. दोघेहि कांहीं लपवितात खरें. पण एक आपली उणीव मोठेपणाखालीं लपवितो, तो दुसऱ्यांनीं आपल्याला थोर म्हणावें म्हणून. आणि दुसरा आपलें दुःख कामाखालीं लपवितो, तें इतरांस निर्भेळ आनंद मिळावा म्हणून. ह्या दोहोंतील अंतर मुलांनीं ओळखावें.

ह्या चित्रपटाच्या इतिहासांत एक काळी तारीखहि आहे. न्यूयॉर्क शहरांत त्याची जाहिरात व्हावी म्हणून मार्च १९२३ मध्यें एका 'मानवी माशी'स मार्टिनीक नांवाच्या हॉटेलाची भिंत चढावयास लावण्यांत आलें. खालीं मोठा जमाव जमला होता. तो मनुष्य वरून पडला व मरण पावला. येथें गाद्यांचा मंच नव्हता. कॅमेऱ्याचा कोन नव्हता. बारावा मजला गांठल्यावर मिळणारा आनंद नव्हता. 'सेफ्टी फर्स्ट', म्हणजे 'सुरक्षितता आधीं', ही त्या काळीं अमेरिकेंतील रेल्वे व कारखान्यांतून लावलेली पाटी. चित्रपटानें थट्टेनें ती उलटी करून 'सुरक्षितता शेवटीं' असें नांव घेतलें. थट्टा पडद्यावर होती तोंवर हसूं आलें. ती रस्त्यावर उतरली तेव्हां एक जीव गेला. विनोदाच्या काठीस दोन फळ्या असतात, त्यांतील एक काढून घेतली कीं उरतो तो नुसता मार. आजहि उंच जागीं, धांवत्या गाडीच्या दारांत अथवा कड्याच्या टोकाशीं उभें राहून चित्र काढविण्याच्या नादांत तरुणांचे जीव जातात, हें आपण वर्तमानपत्रांत वाचतों. पडद्यावरच्या धाडसाखालीं एक न दिसणारी गादी असते, एवढें मुलांनीं कधींहि विसरूं नये.

पालकांपैकीं कोणी येथें योग्यच शंका घेतील कीं, ह्या कथेंत खोटें बोलणाऱ्यास शिक्षा कोठें झाली? त्यास १००० डॉलर मिळाले, वधू मिळाली, आणि वधूस खरें काय तें अखेरपर्यंत कळलेंच नाहीं. शंका खरी आहे. चित्रपट नीतिपाठ म्हणून रचलेला नाहीं आणि आम्ही त्यास ओढूनताणून तसा ठरवूं इच्छीत नाहीं. परंतु एक गोष्ट त्यांत स्पष्ट आहे. हॅरल्डला जें मिळालें तें बढाईनें मिळालें नाहीं. बढाईनें त्यास भाड्याची थकबाकी, रिकामें ताट आणि भिंतीचा पायथा एवढेंच दिलें. त्यापुढचें सर्व त्यानें आपल्या हातांनीं, एकेक वीट धरून मिळविलें. हे हात पहिल्यापासून त्याचेच होते. त्यांच्यावर भरंवसा ठेवून 'मी १५ डॉलरांचा विक्रेता आहें. मला थोडा अवकाश दे' असें त्यानें पहिल्याच पत्रांत लिहिलें असतें, तर बारा मजले चढण्याचें कारण पडलें नसतें.

आणि तसें त्यानें कां लिहिलें नाहीं, ह्याचा विचार घरच्या मंडळींनींहि करावा. मोठेपणीं परत यावयाचें किंवा येऊंच नये, असा ज्याच्यावर भार आहे, त्याच्या लेखणींतून खरें पत्र उतरणें कठीण. आमच्या शाळेंतून दरवर्षीं मुलें शिक्षणासाठीं व नोकरीसाठीं मोठ्या शहरांत जातात. कोणाचा पहिला पगार अपुरा असेल, कोणी परीक्षेंत मागें पडेल, कोणास दोन महिने कामच मिळणार नाहीं. अशा वेळीं घरीं खरें सांगतां येणें, हीच त्यांच्या खालची गाद्यांची बैठक होय. ती घालून ठेवण्याचें काम आईबापांचें, आणि तिच्यावर विश्वास ठेवण्याचें काम मुलांचें.

लॉइडनें पुढेंहि अनेक चित्रपट केले. १९५३ सालीं अमेरिकेच्या चित्रपट अकादमीनें त्यास सन्मानाचें पारितोषिक दिलें. त्यांत उत्तम विनोदी नट आणि उत्तम नागरिक अशा दोन्ही नात्यांनीं त्याचा गौरव केलेला आहे. ८ मार्च १९७१ रोजीं तो मरण पावला. १९९४ सालीं 'सेफ्टी लास्ट' हा चित्रपट अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहींत जतन करण्यासाठीं निवडला गेला, आणि १ जानेवारी २०१९ पासून त्या देशांत तो सार्वजनिक मालकीचा झाला आहे. त्याची लांबी सव्वा तासाच्या आंतच आहे, त्यांत एकहि अभद्र शब्द नाहीं, कारण त्यांत बोललेला शब्दच नाहीं; आजीपासून नातवापर्यंत सर्वांनीं एकत्र बसून पाहावा असा तो आहे. पाहतांना आमच्या वाचकांनीं मनसोक्त हसावें. मात्र घड्याळाचा देखावा आला म्हणजे त्या तरुणाच्या उजव्या हाताकडे एकदां नीट पाहावें.